उघड्या दाराचा दिवस

मिस्त्री स्टुलावर उभे राहून दाराच्या वरच्या पट्टीचे स्क्रू काढत होते. फ्लॅटचं दार आपोआप मिटणारं होतं. कितीही मागे ढकला, ते सावकाश परत यायचं आणि शेवटी खट्ट आवाज करून चौकटीत बसायचं. सकाळी उठल्याउठल्या त्यांनी पुढे विटेचा तुकडा लावून पाहिला होता, पण दार त्या तुकड्यालाही घेऊन सरकलं. मग त्यांनी पेटीतला पेचकस काढला, दाराला ओढून धरणारा तो लोखंडी हात मोकळा केला आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून एका वाटीत टाकले. दार एकदाचं भिंतीला टेकलं आणि तसंच राहिलं. बाहेरच्या पॅसेजमधला पांढरा उजेड घरात शिरला.

समोरच्या फ्लॅटमधल्या मॅडम कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्या कुठल्याशा विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं झालं होतं ते पाणी कधी येणार आणि लिफ्ट कधी सुरू होणार, एवढ्यापुरतंच. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे.

"दार बिघडलं का?"

"नाही. आज उघडं ठेवायचंय."

मॅडमनी समजल्यासारखी मान डोलावली आणि आत गेल्या. त्यांच्या दाराची वरची कडी लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने खालचीही.

मिस्त्री हे काही त्यांचं नाव नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागले तेव्हा कोणीतरी अशी हाक मारली आणि ती चिकटली. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या अंधाऱ्या, विहिरीसारख्या पोकळ्यांत उतरून दोर तपासण्यात, ब्रेक घट्ट करण्यात आणि मध्येच अडकलेल्या माणसांना 'घाबरू नका, आलोच' असं ओरडून सांगण्यात घालवलं. लग्न जमता जमता दोनदा फिसकटलं, मग तो विषय काढणारी माणसंच राहिली नाहीत. यंदा थंडी सरता सरता ते निवृत्त झाले. कंपनीने शाल दिली आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दिवसाला थोडं मागे पडायचं, पण मिस्त्रींना आता त्याने काही बिघडत नव्हतं.

त्यांच्या गावी आजच्या दिवसाला उघड्या दाराचा दिवस म्हणत. ऐन उन्हाळ्यातला, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. शाळा, कचेऱ्या, दुकानं बंद, आणि घरांची दारं मात्र सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सताड उघडी. प्रत्येक घरी एक मोठं पातेलं चढायचं, दाराजवळ एक खुर्ची मांडलेली असायची, आणि कोणीही कोणाच्याही घरात शिरावं अशी रीत होती. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. बसायचं, दोन घास खायचे आणि उठून पुढच्या घरी जायचं. आभार मानायचे नाहीत. जाताना निरोपही घ्यायचा नाही, कारण हवं तर परत यायची मुभा होती. पोरं तर दुपारपर्यंत पोटाला तडस लागून पारावर आडवी झालेली असत.

ज्यांचं एकमेकांशी वाकडं असे, ती माणसंही त्या दिवशी एकमेकांच्या घरी जात. मिस्त्रींच्या वडिलांचा आणि काकांचा एका भिंतीवरून अबोला होता. मिस्त्री तेव्हा जेमतेम खुर्चीएवढे असतील. भर दुपारी काका उंबरा ओलांडून आत आले, बसले नाहीत, उभ्याउभ्याच ताटलीतलं खाल्लं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मीठ कमी आहे." मग निघून गेले. आई पदर तोंडाला लावून आत पळाली. संध्याकाळी वडील स्वतःशीच हसत होते आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं सुरू झालं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

शहरात आल्यावर मात्र या दिवशी मिस्त्रींची हमखास ड्यूटी असायची. बाकीच्यांना बायकामुलं होती, कोणाला तळ्यावर जायचं असे, कोणाला सासुरवाडीला. यांना विचारायचीही गरज नसे, साहेब परस्पर नाव लिहून टाकत. आणि संध्याकाळी, हात पुसून ते एखाद्या इमारतीच्या गच्चीवर मशिनच्या खोलीबाहेर बसले की ताईचा फोन येई.

ताई त्यांची मोठी बहीण. लग्न होऊनही ती गावातच राहिली आणि आईवडिलांच्या मागे माहेरचं घर तिनेच राखलं. फोनवर ती सगळं साग्रसंगीत सांगायची. सकाळी पहिलं पाऊल कोणाचं पडलं, कोण नव्या सुनेला घेऊन आलं, कोणी रस्सा सांडला, शाळेतल्या बाईंनी यंदाही किती खाल्लं. बेकरीवाले काका दर वर्षी आपलीच पावाची लादी घेऊन यायचे आणि "रिकाम्या हाताने आलो असतो, पण तुझा रस्सा नुसताच प्यावा लागला असता," असा तोच विनोद करायचे. ताई तो दर वर्षी सांगायची आणि मिस्त्री दर वर्षी हसायचे. फोन ठेवेपर्यंत त्यांना त्या घरात जाऊन आल्यासारखं वाटायचं. मधल्या काळात ते गावी गेले नाहीत असं नाही, पण जायचे ते थंडीत, दोन-चार दिवस, आणि त्या दिवसांत गाव आपापल्या शालींमध्ये गुरफटलेलं असे.

म्हणून निवृत्त झाल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते ताईला फोन करण्याचं. यंदा उघड्या दाराच्या दिवसाला मी येतो, म्हणाले. ताई म्हणाली, ये की, आणि लगेच तिला घराच्या रंगकामाची आठवण झाली. पुढच्या फोनला तिचा गुडघा धरला होता. त्याच्या पुढच्या फोनला म्हणाली, इतक्या गर्दीत तुझे हाल होतील बाळ, तुला आता सवय नाही, थंडीतच ये नेहमीसारखा, निवांत बोलता येईल. मिस्त्री बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मेव्हणे गेल्यापासून त्या घरी सासरकडच्यांचं येणंजाणं वाढलं असेल, आपण आता तिथे पाहुणेच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती काही नीटशी बसली नाही. आणि मग एके दिवशी भाजी घेताना त्यांनी मनाशी ठरवलं, की गावी नाही तर नाही, दार आपल्यालाही आहे.

त्यांनी बटाट्यांचं पातेलं चढवलं. कांदा चांगला लालसर परतला, आईसारखा. कलिंगड कापून फोडी ताटात लावल्या, सरबत करून ठेवलं, पाव आणले होते ते फडक्यात गुंडाळले. दाराजवळ खुर्ची मांडली. मग स्वच्छ शर्ट घालून आतल्या पलंगाच्या कडेवर बसले.

आठवडाभर ते इमारतीतल्या ओळखीच्यांना सांगत होते. 'सुटीच्या दिवशी दार उघडं असेल, या.' लोक हसून 'हो हो' म्हणत होते. कशासाठी, असं विचारायला कोणाला वेळ नव्हता, आणि बोलावणं करायचं नाही हीच मूळ रीत असल्याने मिस्त्रींनाही जास्त सांगणं जड जात होतं. लांब्याला मात्र त्यांनी सगळं समजावलं होतं. लांब्या म्हणजे कंपनीतला त्यांचा जोडीदार. दोघांनी मिळून अर्ध्या शहराच्या लिफ्ट वर-खाली केल्या होत्या. लांब्या म्हणाला होता, नक्की येणार, बायकोलाही आणतो.

लिफ्ट वर येताना तिच्या आवाजावरून ती कुठे थांबणार, हे मिस्त्रींना कळायचं. सकाळभर ती त्यांच्या मजल्यावरून वर गेली, खाली गेली. एकदा तिचा वेग कमी झाला तसे ते उठून उभे राहिले. लिफ्ट थांबली. पार्सलवाला बाहेर आला, उघड्या दाराशी क्षणभर थबकला आणि हातातल्या खोक्यावरचा नंबर वाचून समोरची घंटी वाजवली. मिस्त्रींनी त्याला म्हटलं, ये, दोन घास खाऊन जा. त्याने कानातली वायर काढून "काय?" असं विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, नको काका, अजून बरीच पार्सलं आहेत, आणि जिन्याने उतरला.

त्यानंतर वॉचमन आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि आत वाकून बघू लागला. सगळं ठीक आहे ना, असं त्याने विचारलं. म्हणजे तब्येत वगैरे. खाली कोणीतरी कळवलं होतं की सकाळपासून एक दार उघडं आहे आणि कांद्याचा वास पॅसेजभर पसरलाय. मिस्त्रींनी त्याला बसायला सांगितलं. वॉचमनने छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि ओशाळं हसला.

"आत गेलेलं दिसलं तर माझी नोकरी जाईल, मिस्त्री."

मग बाहेर बसून खा, असं ते म्हणणार होते, पण त्याला तसं उंबऱ्याबाहेर बसवून खायला घालणं त्यांना बरं वाटेना. वॉचमन जाता जाता म्हणाला, उन्हाचं दार लावूनच घेतलेलं बरं, एसीची हवा वाया जाते. मिस्त्रींकडे एसी नव्हता.

दुपारी लांब्याचा संदेश आला. उगवत्या सूर्याचं चित्र, खाली जोडलेले हात, आणि 'सुटीच्या शुभेच्छा' अशी सोनेरी अक्षरं. त्याखाली त्याने स्वतः लिहिलं होतं की बायकोच्या भावाकडे अचानक जावं लागतंय, रागावू नको. मिस्त्रींनी त्याला उत्तर म्हणून जोडलेले हातच पाठवले. पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. बटाटे कडेने सुकायला लागले होते. त्यांनी थोडं पाणी शिंपडलं आणि गॅस बारीक केला.

ते स्वयंपाकघरातून परत आले तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवर एक म्हातारी बसलेली होती.

म्हातारी वरच्या मजल्यावरची. सुनेचा हात धरून ती कधीमधी लिफ्टमध्ये दिसायची. आज एकटीच होती. पायांत एक चप्पल तिची होती आणि दुसरी कोणा पुरुषाची. मांडीवर पर्स घट्ट धरून ती समोरच्या भिंतीकडे शांतपणे बघत होती.

"गर्दी नाही आज," ती म्हणाली.

"आत्तापर्यंत नव्हती."

"माझा नंबर कितवा?"

मिस्त्रींच्या हळूहळू लक्षात आलं. उघडं दार, दाराशी खुर्ची, आणि स्वच्छ शर्ट घातलेला माणूस.

"तुमचाच आहे," ते म्हणाले. "पण आधी थोडं खाऊन घ्या."

त्यांनी ताटलीत बटाटे, पाव आणि कलिंगडाच्या फोडी आणून दिल्या. औषधाआधी खायला लागतं हे म्हातारीला पटलं. तिने सावकाश, नीट चावून सगळं खाल्लं. बोलता बोलता तिने आपल्या पाठदुखीचं सांगितलं, झोप लागत नाही म्हणाली, आणि नवरा गेल्यापासून घरात सगळे आपल्याशी मोठ्याने बोलतात, बहिऱ्याशी बोलावं तसं, हेही सांगितलं. मिस्त्री खाली बसून ऐकत होते. मध्ये तिने दुसऱ्यांदा बटाटे मागितले. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी डाव काठोकाठ भरून वाढला आणि थोडे जमिनीवर सांडले.

म्हातारी तासभर तरी बसली असेल. मग जिन्यावरून धावत सून आली. घामाघूम, हातात फोन. सासूबाईंना बघून तिने आधी भिंतीला हात टेकला, मग मिस्त्रींची पुन्हा पुन्हा माफी मागितली, त्रास दिला म्हणाली. त्रास कसला, असं ते म्हणत राहिले. तुम्हीही बसा, दोन घास खा, असंही म्हणाले. पण तिला घाई होती, घरी सगळे शोधत होते. म्हातारी उठताना मिस्त्रींना म्हणाली, "गोळ्या?" त्यांनी तिच्या पर्समध्ये कलिंगडाच्या दोन फोडी कागदात गुंडाळून ठेवल्या. ती समाधानाने गेली.

ऊन कलायला लागलं तेव्हा भाची आली. ताईची एकुलती एक मुलगी. गेल्या हिवाळ्यात तिला याच शहरात दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मामाकडे येणं फारसं व्हायचं नाही. मिस्त्रींनी तिला नुसतं 'सुटीला जेवायला ये' म्हटलं होतं. तिला सुटी नव्हतीच. पहाटेपासून कामावर होती, आणि रात्री पुन्हा जायचं होतं. ती आत आली, पिशवी टाकली आणि सवयीने मागे वळून दाराला हात घातला.

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "आज उघडं ठेवायचं."

तिने दाराकडे पाहिलं, वाटीतल्या स्क्रूंकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तू पण? अगदी आईसारखं."

ती भुकेली होती. पाय पोटाशी घेऊन पलंगावरच जेवायला बसली आणि पावाने ताटली पुसून पुसून खाऊ लागली. मिस्त्री तिच्या पुढ्यात बसले. ताईने आज काय केलं असेल, असं ते बोलू लागले. आज तिथे पाय ठेवायला जागा नसेल. सकाळी शाळेतल्या बाई, मग वरच्या आळीतले. बेकरीवाल्या काकांना आता दिसतं का नीट? मागच्या वर्षी ताई म्हणाली होती की लादी घेऊन येताना ते पायरीवर अडखळले.

भाचीचा हात थांबला.

"बेकरीवाले आजोबा?" ती म्हणाली. "मामा, ते गेले की. मी कॉलेजात होते तेव्हा."

भाचीने ताटली खाली ठेवली. तिला वाटलं होतं, तिने मग सांगितलं, मामाला सगळं माहीत आहे. लहानपणापासून ती आईला फोनवर हे असं बोलताना ऐकत आली होती, आणि तिला तो दोघा भावंडांचा खेळ वाटायचा, जुन्या गोष्टी मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगण्याचा. आता तिला थांबता येईना. ती खाली बघत सगळं सांगत गेली. गावाबाहेरून मोठा रस्ता गेला, तरुण माणसं त्या रस्त्याने गेली. दोन उन्हाळे लागोपाठ उघड्या घरांतून चोऱ्या झाल्या आणि पंचायतीनेच सांगितलं की दारं लावा. मग एकेक आळी बंद होत गेली. आता सुटीला लोक गाड्या काढून तळ्यावर जातात, नाहीतर पडदे ओढून टीव्ही बघतात. शाळेतल्या बाई मुलाकडे परदेशात असतात.

"आणि ताई?"

"आई उघडते. ती एकटीच उघडते. सकाळी उंबरा धुते, पातेलं चढवते, चांगली साडी नेसून बसते." भाचीने पोटाशी घेतलेले पाय खाली सोडले. "मी होते तोवर मीच दोन-तीनदा बाहेर जाऊन आत यायचे. तिला हसवायला. संध्याकाळी तुला फोन करायच्या आधी ती पाणी पिऊन घेते आणि थोडा वेळ डोळे मिटून बसते. आठवत असते, कोणाकोणाचं सांगायचं ते."

मिस्त्रींनी कलिंगडाचं ताट तिच्याकडे सरकवलं. तिने फोड घेतली, पण खाल्ली नाही. तू येणार म्हणालास तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती, ती म्हणाली. मला विचारत होती, आता काय करू, आजूबाजूच्यांना सांगून ठेवू का, की एक दिवस येऊन बसा. मग म्हणाली, लोकांना कसं सांगणार.

आईला सांगू नकोस मी बोलले म्हणून, असं तिने जाताना दोनदा बजावलं. तिला रात्रीच्या पाळीआधी थोडं झोपायचं होतं. मिस्त्रींनी उरलेल्यातलं बरंच डब्यात भरून दिलं. ती लिफ्टपर्यंत गेली, मग मागे फिरली, उंबरा ओलांडून पुन्हा आत आली, खुर्चीवर टेकली, ताटातली एक फोड उचलून तोंडात टाकली आणि काही न बोलता निघून गेली. मिस्त्री आरशासमोर उगाचच शर्टाची कॉलर नीट करत राहिले.

मग त्यांनी भांडी घासली. सांडलेले बटाटे म्हातारीच्या चपलेखाली चिरडले होते, ते निपटून काढले. इतक्या वर्षांचे फोन त्यांना आठवायला लागले. कुठल्या वर्षापासून ती बनवून सांगत होती? ज्या वर्षी शाळेतल्या बाईंनी तीनदा वाढून घेतलं तेव्हा? की नव्या सुनेच्या बांगड्या फुटल्या तेव्हा? मागे जात जात ते एका जागी थांबले. तिथून पुढे जायची त्यांना इच्छा झाली नाही. त्या गच्च्यांवर बसून ते तिच्या दारात जायचे, आणि ती त्या वेळी रिकाम्या घरात एकटीच त्यांच्यासाठी माणसं गोळा करत बसलेली असायची. त्यांनी नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून उभे राहिले.

फोन वाजला तेव्हा समोरच्या इमारतीच्या वरच्या काचांवर अजून ऊन होतं.

"बाळ," ताई म्हणाली. "दमले रे आज."

"गर्दी होती?"

"विचारू नकोस." आणि तिने सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच होता, भरभर, मध्येच हसणारा. मिस्त्री खुर्ची ओढून बसले आणि ऐकू लागले. यंदा सकाळी सगळ्यात आधी शाळेतल्या बाई आल्या. काठी घेऊन, पण आल्या. वरच्या आळीतल्यांची तर रांग लागली. पाव संपले, धावतपळत पुन्हा आणायला लागले. आणि बेकरीवाले काका.

"आले होते?" मिस्त्रींनी विचारलं.

"न येऊन कुठे जातील?"

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. थकलेत थोडे." ती जराशी थांबली. "बसले बराच वेळ. यंदा तो विनोद नाही केला त्यांनी. म्हणाले, तुझा भाऊ कधी येणार, त्याच्यासाठी लादी राखून ठेवतो."

मिस्त्रींनी डोळे पुसले. मग ताईने त्यांच्याकडचं विचारलं. भाचीने मघाशी फोनवर कळवलं, तू पण दार उघडं ठेवलंयस, कोणी आलं का?

"पुष्कळ आले," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या. तासभर बसल्या, हलायला तयार नव्हत्या. दोनदा वाढून घेतलं."

"खरंच?"

"हो ना. मग लांब्या आला बायकोला घेऊन. वॉचमन आला, पोटभर जेवला. समोरच्या मॅडम तर म्हणाल्या, कांदा कसा परतला ते लिहून द्या." ते बोलत होते आणि त्यांना एकामागून एक माणसं सुचत होती. पार्सलवाला आला, त्याने खोकी पॅसेजमध्ये ठेवली आणि मांडी घालून बसला. खालच्या मजल्यावरची दोन कुटुंबं आली, त्यांचं आपसात वाकडं होतं. एकजण उभ्याउभ्याच खाऊन मीठ कमी आहे म्हणाला.

ताई हसली. खूप वेळ हसली. मग तिचं हसणं थांबलं आणि फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. तिच्याकडे मागे कुठेही माणसांचा आवाज नव्हता, भांड्यांचाही नव्हता. मिस्त्रींकडेही नव्हता. दोघांनी एकमेकांचं ते ऐकलं.

"ताई," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या वर्षी मी येतो. याच दिवशी."

त्यांना वाटलं, आता रंगकाम निघेल, नाहीतर गुडघा. ते वाट बघत राहिले.

"ये," ती शेवटी म्हणाली. तिने नाक ओढलं. "पण सकाळी लवकर ये. नंतर बसायला जागा नसते."